अभ्यासिकेतील कॉर्ड आणि पायवाट: प्रकल्प नोंदी

3 जून 2024

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने अभ्यासिकेतील विजेच्या कॉर्डचा प्रश्न एकदाचा मार्गी लावावा असे ठरवले असून ते काम माझ्याकडे सोपवले आहे. निमित्त गेल्या महिन्यातील घटनेचे आहे. रात्रीच्या वेळी पाण्याची बाटली भरायला उठलेल्या एका मुलाचा पाय दुसऱ्याच्या चार्जरमध्ये अडकला आणि लॅपटॉप टेबलावरून फरशीवर आला. पडद्याला तडा गेला, चार्जिंगचा सॉकेट आत दबला, आणि स्पर्धा परीक्षेच्या ऐन तयारीत त्या मुलाला दुरुस्तीच्या दुकानात खेटे घालावे लागले. कार्यवाहांनी सुरुवातीला ‘कॉर्ड वाटेत टाकू नयेत’ अशी पाटी लावण्याचे सुचवले होते. पण सॉकेट भिंतीत तळाशी आणि टेबलांची दुसरी रांग भिंतीपासून दूर, अशी रचना असताना कॉर्ड वाटेतूनच जाणार आणि पाटीने काहीही साधणार नाही, हे त्यांनाही पटले.

कामाची व्याप्ती दोन खोल्यांपुरती आहे. वरच्या मजल्यावरची अभ्यासिका आणि खालची स्कॅनिंगची खोली, जिथे जुन्या नियतकालिकांची पाने कॅमेऱ्याने टिपून संगणकावर साठवली जातात. एक अट मी आजच लिहून घेतो. अभ्यासिकेतील लॅपटॉप, फोन आणि चार्जर मुलांच्या मालकीचे आहेत, त्यामुळे त्यांना काहीही चिकटवायचे, खोचायचे किंवा बदलायचे नाही. जे काही बसवायचे ते आपल्या टेबलांना आणि भिंतींना.

5 जून 2024

संध्याकाळची गर्दी असताना अभ्यासिकेत बसून फक्त निरीक्षण केले. मुलांकडची उपकरणे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार गोल पिनेचा जुना लॅपटॉप, ज्याचा अडॅप्टर म्हणजे ती काळी वीट साधारण 19 व्होल्ट देते. दुसरा टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारा नवा लॅपटॉप. तिसरा फोन किंवा टॅब्लेट, ज्याचा छोटा चार्जर थेट भिंतीतल्या बोर्डात बसतो.

पाय कुठे अडकतो हे पाहिले तेव्हा लक्षात आले की धोका संपूर्ण कॉर्डभर सारखा नसतो. विटेच्या अडॅप्टरला दोन कॉर्ड असतात, एक भिंतीपासून विटेपर्यंत आणि दुसरी विटेपासून लॅपटॉपपर्यंत. पाय पहिल्या कॉर्डमध्ये अडकला तर बहुतेक वेळा विटेच्या मागची तीन पाकळ्यांची पिन, जिला मानकात सी-5 म्हणतात, सरळ निघून येते आणि लॅपटॉपला त्याची खबरही लागत नाही, कारण तो बॅटरीवर चालू राहतो. पाय दुसऱ्या कॉर्डमध्ये अडकला तर मात्र सगळा हिसका थेट लॅपटॉपच्या सॉकेटवर जातो. आपल्या मुलांच्या विटा जमिनीवर लोळत असतात, म्हणजे वाटेत येतो तो नेमका दुसरा, धोक्याचा तुकडा. या निरीक्षणातच निम्मे उत्तर असावे असे वाटते.

8 जून 2024

किराणा दुकानात पोती तोलायला वापरतात तसा हुकाचा स्प्रिंग काटा मागवून आणला आणि माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मोजमाप केले. टेबल सनमायकाचे, कॉर्ड टेबलाच्या कडेवरून खाली सोडलेली आणि ओढ वाटेच्या दिशेने, म्हणजे पायाने बसते तशीच.

टाइप-सीच्या मानकानुसार नवी पिन सरळ ओढून काढायला 8 ते 20 न्यूटन बळ लागावे, म्हणजे अंदाजे 800 ग्रॅम ते दोन किलो. माझी पिन या पट्ट्याच्या मध्यावर सुटली, पण लॅपटॉप हाताने दाबून धरला तेव्हाच. हात काढून ओढ दिल्यावर पिन सुटायच्या आधी लॅपटॉपच सरकू लागला. त्याच्या तळाचे रबर झिजलेले आहे आणि टेबलावर धूळ असते, त्यामुळे दीड किलोच्या यंत्राला सनमायकावर रोखून धरणारे घर्षण पिनेच्या पकडीपेक्षा कमी भरते. लॅपटॉप पडण्याचे मूळ कारण हे आहे. एकेकाळचे अडीच-तीन किलोचे लॅपटॉप जागचे हलत नसत आणि पिनच निघून येई किंवा मोडे. यंत्रे हलकी होत गेली, पकड मात्र तेवढीच राहिली.

ही झाली सरळ ओढ. बाजूने ओढ दिली तर पिन सुटतच नाही, ती तरफेसारखी सॉकेटला पिळते. सरळ पिन सॉकेटबाहेर जितकी लांब, तितका पीळ जास्त. गोल पिनेच्या लॅपटॉपमध्ये यामुळे जॅकचे सोल्डर सुटते आणि मग मुले कॉर्ड विशिष्ट कोनात वाकवून चार्जिंग ‘पकडायला’ शिकतात. काटकोनी पिन वापरली तर बाहेर येणारा भाग आखूड होतो आणि पीळ कमी पडतो. बाजारात टाइप-सीला लावायचे काटकोनी तुकडे मिळतात, पण कॉर्ड लॅपटॉपच्या कडेला समांतर ओढली गेली तर काटकोनी पिन निघण्याचे नावच घेत नाही. म्हणून हा उपाय झीज कमी करणारा आहे, हिसक्यावरचा नव्हे.

टाइप-सी रचणाऱ्यांनी एक गोष्ट विचारपूर्वक केली आहे. पकड धरणारे स्प्रिंग लॅपटॉपच्या सॉकेटात न ठेवता केबलच्या पिनेत ठेवले आहेत. झिजायचे ते स्वस्त केबलने झिजावे. आपल्यालाही हेच सूत्र पुढे न्यायचे आहे: हिसका बसला तर साखळीतला कोणता सांधा आधी सुटावा हे नशिबावर न सोडता आधीच ठरवून ठेवायचे.

12 जून 2024

मंडळातील एका तरुण सदस्याने चुंबकी पिनांचा आग्रह धरला आहे. त्यावर सविस्तर नोंद आवश्यक आहे, कारण कल्पना उत्तम असूनही आपल्याकडे ती का नको हे मला पुढच्या बैठकीत सांगावे लागेल.

चुंबकाने धरून ठेवलेली आणि धक्का लागताच सुटणारी पिन जपानी घरांतल्या गरम पाण्याच्या विजेच्या भांड्यांवर आणि तळणाच्या कढयांवर आधीपासून होती. उकळते तेल कॉर्डला अडकून सांडू नये हा तिचा उद्देश. लॅपटॉपवर ती अॅपलने जानेवारी 2006 मध्ये मॅकबुक प्रोसोबत ‘मॅगसेफ’ या नावाने आणली. 2012 मध्ये तिची पातळ आवृत्ती आली, 2016 च्या मॅकबुक प्रोमधून टाइप-सीसाठी ती काढून टाकली गेली आणि 2021 मध्ये पुन्हा आली. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅब्लेटवरही चुंबकी जोडणी आहे. चुंबकाविना हेच साधण्याचा एक जुना नमुना म्हणजे 2001 चा पहिला एक्सबॉक्स. त्याच्या कंट्रोलरच्या केबलमध्ये यंत्राजवळ एक सुटणारा सांधा दिलेला होता, जेणेकरून खेळात रंगलेल्या मुलाच्या ओढीने अख्खे यंत्र खाली येऊ नये.

या सर्व जोडण्यांत एक साम्य आहे. यंत्र, पिन आणि चार्जर एकाच विचाराने रचलेले होते. मॅगसेफच्या पहिल्या पिनेत पाच टोके दोन्ही बाजूंनी सारखी मांडलेली होती, म्हणजे उलटी लावली तरी बिघाड नाही, आणि यंत्राला जोडले गेल्याची खूण मिळेपर्यंत चार्जर पूर्ण शक्ती देत नसे.

बाजारात सुट्या मिळणाऱ्या टाइप-सीच्या चुंबकी तुकड्यांबाबत असे म्हणता येत नाही. टाइप-सीच्या सॉकेटात 24 टोके अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने बसवलेली आहेत. वीज वाहून नेणारे टोक आणि चार्जरशी बोलणी करणारे सीसी हे टोक एकमेकांच्या शेजारी आहेत. लॅपटॉप चार्ज होताना पहिल्यावर 20 व्होल्टपर्यंत दाब असतो, दुसऱ्याचे सर्किट मात्र पाच व्होल्टच्या आसपासचा दाब सोसण्यापुरते बनवलेले असते. मूळ पिनेत याची काळजी घेतली आहे: वीज आणि ग्राउंडची टोके लांब आहेत, सीसीचे आखूड आहे, त्यामुळे पिन काढताना सीसी आधी तुटते आणि चार्जरला थांबण्याचा इशारा मिळतो. शिवाय पिन सरळ रेषेतच आत-बाहेर होऊ शकते. चुंबकी तुकडा मात्र तिरका सुटतो, घसरत बसतो, आणि त्या घसरणीत शेजारची टोके एकमेकांना चाटू शकतात. उघड्या टोकांना बोट लागले तर अंगावरची स्थिर वीजही थेट आत जाते. टाइप-सीच्या मानकात अशा चुंबकी तुकड्याला जागा दिलेली नाही, आणि 2021 पासून या मानकाची कमाल मर्यादा 48 व्होल्ट आणि 240 वॅटपर्यंत वाढवली गेल्याने हा धोका पुढे वाढतच जाणार आहे.

आणखी एक स्थानिक कारण आहे. आपल्या गल्लीत फॅब्रिकेशनची दोन दुकाने आहेत. ग्राइंडरचा लोखंडी कीस बुटांना चिकटून कुठेकुठे पोचतो, आणि चुंबकाला कीस चिकटणार हे सांगायला नको. पाच व्होल्टवर चालणाऱ्या साध्या फोनसाठी कोणी स्वतःच्या जबाबदारीवर असा तुकडा वापरला तर मी हरकत घेणार नाही. वाचनालयाने तो विकत घेऊन मुलांना द्यावा, याला माझा विरोध आहे.

15 जून 2024

आजचा दिवस सर्वांत उपयोगी ठरला. 5 जूनच्या निरीक्षणावरून असा विचार केला की वीट जमिनीवरून उचलून टेबलाच्या फळीखाली ठेवली, तर विटेपासून लॅपटॉपपर्यंतचा धोक्याचा तुकडा पूर्णपणे टेबलाच्या हद्दीत येतो आणि वाटेत उरतो तो फक्त भिंतीकडचा निरुपद्रवी तुकडा. सुटण्याची सोय सी-5 पिनेच्या रूपाने प्रत्येक विटेत आधीच आहे. ती पायाच्या योग्य बाजूला आणून ठेवायची, एवढेच काम.

फॅब्रिकेटरकडून जाळीचा एक उथळ ट्रे करवून घेतला. भिंतीच्या बाजूला त्याच्या कडेत सुमारे 30 मिलिमीटरची, वरून उघडी खाच आहे. कॉर्ड खाचेत वरून सोडता येते, वीट मात्र तिच्यातून बाहेर येऊ शकत नाही. मेन्सची कॉर्ड ओढली की वीट खाचेच्या कडांना अडते आणि सी-5 पिन सरळ रेषेत निघून खाचेतून बाहेर पडते. बंद पेटीऐवजी जाळी घेतली, कारण पूर्ण भारावर अडॅप्टर चांगलाच तापतो आणि त्याला हवा हवी असते. मंडळींना दाखवण्यासाठी कॉर्डवर मुद्दाम पाय मारला, तेव्हा टेबलावरचा लॅपटॉप तसूभरही हलला नाही. ग्रंथपाल मॅडमनी ‘एवढंच?’ असे विचारले. एवढेच.

22 जून 2024

राहिला प्रश्न टाइप-सी आणि फोनच्या चार्जरचा, ज्यांच्यात मधली वीट नाही. तिथे भिंतीतल्या चार्जरपासून उपकरणापर्यंत एकच सलग केबल असते. टेबलाच्या कडेला ती पक्की धरून ठेवणारी नायलॉनची क्लिप लावणे हा पहिला विचार होता. पण प्रत्येकाची केबल वेगळ्या जाडीची. जाड केबलला बसणारी क्लिप बारीक केबलला धरत नाही, आणि बारीकला बसणारी जाड केबलचे आवरण चिरडते.

त्याऐवजी टेबलाच्या फळीखाली साधारण 25 मिलिमीटर व्यासाची गुळगुळीत लाकडी खुंटी बसवली आणि केबलचा तिला एक वेढा द्यायचा, असे ठरवले. दावणीच्या खुंट्याला दाव्याचा वेढा दिला की बैलाचा जोर गड्याच्या एका हातात मावतो, तेच तत्त्व. वेढ्यातील घर्षण ओढीला पटीने कमी करते: घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर एका पूर्ण वेढ्यानंतर पलीकडे ओढीचा सुमारे साडेसहावा हिस्सा पोचतो आणि दोन वेढ्यांनंतर चाळीसाव्या हिश्शाहूनही कमी. केबल जाड असो की बारीक, हिशेब बदलत नाही. खुंटी याहून बारीक नको, नाही तर केबलच्या आतल्या तारा त्या तीव्र वळणावर हळूहळू तुटतात. खुंटी आणि लॅपटॉप यांच्यात वीतभर सैल केबल सोडायची, म्हणजे लॅपटॉप थोडा मागेपुढे घेतला तरी पोर्टवर ताण येत नाही.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. केबल टेबलाला इतकी घट्ट धरली की ती कुठेच सुटत नाही, तर यंत्र वाचते आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून धरून ठेवणारी प्रत्येक गोष्ट पाय आणि उपकरण यांच्या मध्ये हवी, आणि पाय व भिंत यांच्या मध्ये सुटणारा सांधा हवाच. टाइप-सी केबलच्या बाबतीत तो सांधा म्हणजे चार्जरमध्ये खोचलेले तिचे दुसरे टोक. ते सरळ ओढीत सुटते, पण आपले बोर्ड भिंतीला सपाट आणि जमिनीलगत असल्याने ओढ काटकोनात बसते आणि चार्जर पिळवटून सॉकेट ढिले होते. बोर्डाची दिशा बदलल्याशिवाय हे काम पुरे होणार नाही.

1 जुलै 2024

वायरमन येऊन गेले. मधल्या रांगेसाठी भिंतीपासून टेबलापर्यंत फरशीवरून जाणारा एकच मार्ग ठेवला असून तो दोन्ही बाजूंनी उतार असलेल्या रबरी पट्टीखाली झाकला आहे. तिथून टेबलाच्या पायावर केसिंग पट्टीतून वर नेऊन सहा अँपिअरचे बोर्ड फळीच्या उंचीवर, तोंड वाटेकडे करून बसवले आहेत. आता बहुतेक चार्जरांची केबल जमिनीला टेकतच नाही आणि कोणाची टेकलीच तर ओढ पिनेच्या रेषेत बसते. भिंतीलगतच्या रांगेला फक्त ट्रे आणि खुंट्या पुरेशा आहेत.

बोर्डात वायर घालताना त्यांनी प्रत्येक ठिकाणी आत आधी गाठ मारली आणि मगच टोके स्क्रूखाली घेतली. मी कौतुकाने पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, “सर, होल्डर लटकवताना हेच करतो आम्ही. वजन गाठीवर यायला पाहिजे, स्क्रूवर नाही.” मी इतके दिवस जे मोजत बसलो आहे त्यातले अर्धे त्यांच्या हातांना ठाऊक होते. कायम जोडणीत मात्र गाठीपेक्षा वायर दाबून धरणारी पट्टी बरी असते, आणि नव्या बोर्डांत ती आहे. तरीही मी गाठ सोडायला सांगितले नाही.

9 जुलै 2024

आज खालच्या स्कॅनिंगच्या खोलीचे काम केले. इथे सगळा विचार उलटा करावा लागतो.

उभ्या स्टँडवर कॅमेरा खाली तोंड करून बसवलेला आहे आणि त्याची यूएसबी केबल शेजारच्या संगणकाला जाते. पान टिपले की चित्र थेट संगणकात उतरते. ही केबल मध्येच सुटली तर यंत्र पडत नाही, पण चालू असलेला संच तुटतो, पुढची पाने संगणकाऐवजी कार्डावर जातात आणि पानांची क्रमवारी लावताना डोक्याला ताप होतो. अर्धवट निघालेली पिन तर त्याहून वाईट, कारण जोडणी येत-जात राहते आणि दोष चटकन सापडत नाही. म्हणून इथे पिन सुटता कामा नये. वर विजेची कॉर्ड, तिने हिसक्याला वाट द्यावी. खाली माहितीची केबल, तिने जागा सोडू नये.

छायाचित्रकार स्टुडिओत यासाठी कॅमेऱ्याच्या तळाला बसणारा छोटा धातूचा ठोकळा वापरतात. पिनेच्या लगेच मागे केबल त्या ठोकळ्यात दाबून धरलेली असते, त्यामुळे ओढ कॅमेऱ्याच्या अंगावर येते, पोर्टवर नाही. आपला कॅमेरा स्टँडला पक्का बोल्ट केलेला असल्याने ही पद्धत इथे निर्धोक आहे. हातात धरलेल्या किंवा हलक्या तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्याला हाच ठोकळा लावला, तर पोर्ट वाचवून कॅमेरा खाली पाडण्याची सोय होईल. आपण ठोकळ्याबरोबर स्टँडच्या खांबावर वेल्क्रोच्या पट्ट्याही मारल्या आहेत. केबल भगव्या-नारिंगी रंगाची घेतली. स्टुडिओतही हाच रंग पसंत करतात, कारण काळी केबल अंधुक प्रकाशात दिसत नाही. लांबी पाच मीटरच्या आत ठेवली आहे, कारण यूएसबी 2.0 साठी साध्या केबलची मर्यादा तीच आहे.

बाहेरची हार्ड डिस्क तिच्या आखूड केबलसकट संगणकाच्या पेटीवर वेल्क्रोने बसवली. लिहिणे चालू असताना तिची पिन निघाली तर एका पानापुरते नुकसान होईल याची खात्री नसते, सगळी फाइल-रचनाच बिघडू शकते. संगणकाच्या मागची जाड तीन पिनांची कॉर्ड, सी-13, केवळ घर्षणाने बसलेली असते आणि टेबल सरकवले की ढिली होते. तिच्यावर तारेचा क्लॅम्प लावला.

20 जुलै 2024

पावसाने जोर धरला आहे. ओल्या छत्र्या आणि बूट अभ्यासिकेच्या दारापर्यंत येतातच, त्यामुळे फरशी ओलसर असते. ट्रेच्या रचनेत सी-5 पिन सुटून खाली पडते तेव्हा तिच्यात वीज चालूच असते. तिची टोके खोल आत असल्याने बोट लागत नाही, पण ओल्या फरशीबाबत मला एवढ्यावर समाधान मानायचे नाही. दोन्ही उपाय केले: अभ्यासिकेच्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला आणि कॉर्डची लोंबकळणारी लांबी वेल्क्रोने इतकी आखूड केली की सुटलेली पिन जमिनीच्या वरच अधांतरी राहते. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून पाहायचे आहे.

हेडफोनचा प्रश्न किरकोळ म्हणून मी बाजूला ठेवला होता. व्याख्याने ऐकणारी मुले उठताना कानातले काढायला विसरतात आणि फोन ओढला जातो. त्यांना वायर सदऱ्याच्या बटणपट्टीला चिमट्याने लावायला सांगितले आहे. यावर अधिक वेळ घालवण्याची गरज नाही.

3 ऑगस्ट 2024

मधल्या रांगेतील दोन टेबलांचे पाय वाळवीने पोखरलेले निघाल्याने तिथले बोर्ड तूर्त बसवलेले नाहीत. टेबले बदलल्यावर वायरमनना पुन्हा बोलवायचे आहे आणि त्याचा खर्च मंडळाच्या पुढील बैठकीत मांडायचा आहे. तोवर ती दोन टेबले फक्त पुस्तके घेऊन बसणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहेत.

देखभालीचे काम शिपाई काकांकडे दिले. त्यांना प्रत्यक्ष दाखवलेल्या गोष्टी अशा: खुंटी हलते का हे हाताने पाहणे, ट्रेच्या खाचेची कड कॉर्डला कापत असेल तर कानस मारणे, रबरी पट्टीचे टोक उचलले गेले असेल तर पुन्हा चिकटवणे, आणि कोणी वीट ट्रेमधून काढून जमिनीवर ठेवली असेल तर रागावण्याऐवजी ती परत ट्रेमध्ये ठेवून देणे. वेढा कसा द्यायचा हे प्रत्येक टेबलावर लावलेल्या छोट्या चित्रात दाखवले आहे, कारण नवा मुलगा आला की तो केबल खुंटीवर नुसती लटकवतो, आणि वेढ्याशिवाय खुंटीचा काही उपयोग नाही. काकांनी चित्र पाहून विचारले, “डावीकडून द्यायचा का उजवीकडून?” कोणत्याही बाजूने चालेल, असे चित्राखाली लिहून घेतले आहे.